गुणांची कोष्टके आणि आपले विद्यार्थी

(मंडळाच्या वार्षिक अधिवेशनात विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी शिष्यवृत्ती समितीच्या वतीने केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने यशस्वी विद्यार्थ्यांचे अभिनंदन करावे, पूर्वजांच्या विद्याव्यासंगाचे स्मरण द्यावे आणि श्रोत्यांस फार न ताटकळविता अल्पोपाहाराकडे मोकळे सोडावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. अभिनंदन आम्ही अगदी मनापासून करतो. पूर्वजांविषयी आमच्या आधीचे वक्ते बोललेच आहेत. शिष्यवृत्ती समितीचे काम कित्येक वर्षे आमच्याकडे असल्यामुळे त्या कामात आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायाची हकीकत मात्र आज आपल्यापुढे ठेवल्यावाचून आम्हांस राहवत नाही. विषय रुक्ष आहे, आकड्यांचा आहे. तरी ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांनी थोडे सावरून बसावे.

गोष्ट २०१५ सालची. उच्च शिक्षणासाठी मंडळाच्या चार शिष्यवृत्त्या होत्या आणि नियम असा होता की, दहावी व बारावी या दोन्ही परीक्षांच्या टक्केवारीची सरासरी काढावी व पहिल्या चार जणांस शिष्यवृत्ती द्यावी. नियम सुटसुटीत होता, आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता. कारण त्यात कोणाच्या ओळखीपाळखीस जागा नव्हती. त्या वर्षी चौथ्या जागेसाठी दोन अर्ज अगदी जवळजवळ आले. एका मुलास राज्य मंडळाच्या दहावीत ५०० पैकी ४८६, म्हणजे ९७.२० टक्के, व बारावीत ८७ टक्के होते. सरासरी ९२.१०. दुसरा अर्ज एका मुलीचा. वडील रेल्वेत, बदलीच्या नोकरीतले. त्यामुळे तिची दहावी केंद्रीय मंडळाची, म्हणजे सीबीएसईची. बारावी मात्र येथल्या राज्य मंडळाची, ८९ टक्के. दहावीच्या गुणपत्रिकेवर टक्केवारी नव्हतीच. पाच विषयांत पाच ‘ए-वन’ श्रेणी आणि खाली एकत्रित श्रेणीगुण १०. समितीने १० ला साडेनऊने गुणिले, ९५ टक्के धरिले, सरासरी ९२.०० काढली, आणि एक-दशांश टक्क्याने ती मुलगी पाचवी ठरली.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी तिचे वडील आमच्या घरी आले. रागावलेले नव्हते. खिशातून गुणपत्रिकेची प्रत काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, दहापैकी दहा आहेत. यापुढे आकडाच नाही. मग आमच्या मुलीचे हे पाच टक्के कोणी घेतले?”

आम्ही त्यांस काहीतरी उत्तर दिले. नियमाचे, ठरावाचे, बहुमताचे. पण प्रश्न मनातून जाईना. त्या मुलीने पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील जागा सोडली व जिल्ह्याच्या गावी बी. एस्‌सी.ला प्रवेश घेतला. पुढे तिचे उत्तम झाले, हे श्रेय तिचे. त्यामुळे आमची चूक बरोबर ठरत नाही.

तो साडेनऊचा आकडा आला कोठून, याचा शोध आम्ही त्यानंतर घेतला. वास्तविक तो आधी घ्यावयास हवा होता. सीबीएसईने २००९-१० पासून दहावीस गुणांऐवजी श्रेणी देण्यास आरंभ केला. ९१ ते १०० गुणांस ए-वन श्रेणी व १० श्रेणीगुण, ८१ ते ९० ला ए-टू व ९, ७१ ते ८० ला बी-वन व ८, याप्रमाणे खाली. आता कोणास टक्केवारी हवीच असेल तर काय करावे? मंडळाने मागील काही वर्षांतील ९१ ते १०० या गटातील विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी पाहिली. ती ९५ च्या आसपास आली. तिला दहाने भागून साडेनऊ हा गुणक ठरला. खालच्या श्रेणींसही तो बरा लागू पडतो: नवास साडेनऊने गुणिले तर ८५.५, आठास गुणिले तर ७६, सातास गुणिले तर ६६.५, म्हणजे प्रत्येक गटाच्या मध्याजवळचाच आकडा. येणेप्रमाणे तो गुणक एका गटाची सरासरी सांगतो. त्या गटातील अमुक एका मुलीचे गुण किती, हे सांगण्याचे त्यास सामर्थ्य नाही, आणि मंडळानेही ती टक्केवारी केवळ अदमासाची म्हणूनच दिली होती. पाचही विषयांत शंभर मिळविणारी ९५, आणि पाचही विषयांत ९१ मिळविणारीही ९५. उलट, पाचही विषयांत ९० मिळविणारी एकदम ८५.५ वर. प्रत्यक्षात विषयामागे एका गुणाचे अंतर, आणि आमच्या तक्त्यात साडेनऊ टक्क्यांचे!

शिवाय दुसऱ्या बाजूस काय होते तेही पाहा. राज्य मंडळाच्या दहावीत २०१० पासून सहा विषयांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत सुरू झाली. तीही काही सहजासहजी आली नाही. केंद्रीय मंडळांच्या व राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना अकरावीच्या प्रवेशात एका पातळीवर कसे आणावे, या प्रश्नावर आपल्या राज्याने २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र काढले, ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली नव्वद-दहा अशी जागांची वाटणी काढली, तीही टिकली नाही. आणि २०१० चे उत्तम पाच विषयांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मग स्थिरावले. शासनास तीन वर्षांत तीन सूत्रे करावी लागली, आणि आमची समिती चहा गार होण्याच्या आत एका गुणाकाराने मोकळी झाली! असो.

येथे ज्येष्ठ मंडळींना एक जुनी गोष्ट आठवत असेल. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्यांचे शंभर पैसे झाले. शंभरास सोळाने भाग जात नाही. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हते. म्हणून कोष्टक छापले गेले: एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. त्यामुळे एकेक आणा करून चार वेळा मोडला तर चोवीस पैसे हाती येत, आणि पावली एकदम मोडली तर पंचवीस. भाजीवाली आणि गिऱ्हाईक यांच्यात त्या एका पैशावरून किती बोलाचाली झाल्या असतील! पण त्या कोष्टकामुळे आण्याची किंमत ठरली असे कोणी मानले नाही. गल्ल्यावरचा व्यवहार अडू नये एवढ्यासाठी केलेली ती सोय होती. गुणांची कोष्टकेही अशीच गल्ल्यावरची सोय असतात. कोणत्या गल्ल्यासाठी ती केली, हे विसरले की घोटाळा होतो.

याचे अगदी स्वच्छ उदाहरण इंग्लंडात पाहावयास मिळते, आणि तेथेही आमच्या समितीने एकदा आपटी खाल्ली आहे.

तिकडे शालान्त शिक्षणाच्या शेवटी ए-लेव्हल ही परीक्षा असते. विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेतो आणि प्रत्येक विषयास श्रेणी मिळते: ए-स्टार, ए, बी, सी, डी, ई. ई म्हणजेसुद्धा उत्तीर्ण. विद्यापीठांचे अर्ज यूकास या एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. परंतु ए-लेव्हलखेरीज तेथे इतर अनेक परीक्षा आहेत, काही व्यवसायशिक्षणाच्या, काही अर्ध्या अभ्यासक्रमाच्या, संगीताच्या वरच्या परीक्षाही आहेत. या सर्वांना एका मापाने मोजता यावे म्हणून यूकासने श्रेणींचे गुणांक ठरविले. २००२ सालच्या प्रवेशांपासून ए म्हणजे १२०, बी १००, सी ८०, डी ६०, ई ४०. २०१० मध्ये ए-स्टार ही नवी श्रेणी आली, तिला १४०. मग २०१७ च्या प्रवेशांपासून सारेच कोष्टक बदलले: ए-स्टार ५६, ए ४८, बी ४०, सी ३२, डी २४, ई १६.

हे नवे आकडे कसे बसविले ते समजून घेण्याजोगे आहे. परीक्षा केवढी मोठी यास एक ते चार असा एक आकडा, आणि श्रेणी किती उंच यास तीन ते चौदा असा दुसरा. दोहोंचा गुणाकार तो गुणांक. ए-लेव्हल सर्वांत मोठी म्हणून चार. ए-स्टार सर्वांत उंच म्हणून चौदा. चार चोक सोळा करणाऱ्यासही कळेल की, चौदा चोक छप्पन. ए-लेव्हलच्या अर्ध्या वाटेवरची जी एएस नावाची परीक्षा आहे, तिचा आकार दोन व ए श्रेणीची उंची दहा, म्हणून वीस. पूर्वीच्या कोष्टकात एएसच्या ए श्रेणीस ६० म्हणजे ए-लेव्हलच्या बरोबर निम्मे मिळत. नव्यात ४८ च्या तुलनेत २०, म्हणजे निम्म्याहून कमी. ए-लेव्हलचे आकडे पाहाल तर जुन्या प्रत्येक आकड्यास दोन-पंचमांशाने गुणिले की नवा मिळतो. आपापसांत त्यांचे काहीच हलले नाही. हलली ती एएस. ज्या विद्यार्थ्याने त्या परीक्षेच्या भरवशावर बेरीज केली होती, त्याची बेरीज त्याने काही न करता घटली. कोष्टक बदलले की माणसाची विद्या बदलत नाही, पण रांगेतील जागा बदलते.

आता आमची फजिती ऐका. २०१९ साली लेस्टर येथे स्थायिक झालेल्या आपल्या एका ज्ञातिबांधवांच्या कन्येने मंडळाच्या बारावीच्या पारितोषिकासाठी अर्ज पाठविला. परदेशस्थ विद्यार्थ्यांस मुभा असावी असा ठराव आपण नुकताच केला होता. तिला तीन विषयांत तीन ए श्रेणी होत्या. आमच्यातील एका उत्साही सभासदाने यूकासचे कोष्टक मिळविले आणि गणित मांडले: तीन ए-स्टार म्हणजे १६८, ते शंभर टक्के; हिचे १४४; म्हणून ८५.७ टक्के. पुण्याच्या मुलास बारावीत ८८ होते. पारितोषिक त्यास गेले, आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

तिच्या वडिलांचे पत्र आले, अत्यंत सौजन्याचे. पारितोषिकाविषयी तक्रार नाही, असे त्यांनी आरंभीच लिहिले होते. फक्त एक शंका विचारली होती. याच हिशेबाने तीनही विषयांत ई मिळवून रीतसर उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे ४८ गुणांक होतात, त्यास १६८ ने भागिले तर साडेअठ्ठावीस टक्के. म्हणजे इंग्लंडात उत्तीर्ण झालेला मुलगा आपल्या मंडळाच्या कार्यालयात येताच अनुत्तीर्ण होतो की काय? आणि एखाद्याने चौथा विषय घेऊन चारही ए मिळविले तर त्याचे गुणांक १९२ होतात. त्यास मंडळ एकशे चौदा टक्के देणार काय?

ते पत्र समितीपुढे वाचले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर सगळेच हसले, पण ते हसणे काही सुखाचे नव्हते. १६८ हा आकडा आम्हीच कल्पिलेला होता. त्या कोष्टकाला वरची हद्द नाही, आणि त्यातील शून्य म्हणजे आपल्याकडील शून्य टक्के नव्हेत. ए आणि बी यांतील अंतर आठ गुणांक ठेवावे, हे तेथील लोकांनी आपल्या विद्यापीठांच्या सोयीसाठी ठरविलेले आहे. उत्तरपत्रिकेतील गुणांचे अंतर त्यावरून मोजता येत नाही. फार काय, तेथीलही सर्व विद्यापीठे हे गुणांक वापरीत नाहीत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज अमुक विषयांत अमुक श्रेणी हवी असे सरळ सांगतात. पुष्कळ ठिकाणी एकशेचव्वेचाळीस गुणांक असूनही रसायनशास्त्रात ए नाही म्हणून दार बंद राहते.

अशा कोष्टकांत धोरणही गुपचूप येऊन बसते. शेजारच्या आयर्लंडात सहा उत्तम विषयांचे गुणांक मिळवितात. वरच्या पातळीच्या प्रत्येक विषयात पहिल्या श्रेणीस १००. पण वरच्या पातळीच्या गणितात सहाव्या श्रेणीपर्यंत, म्हणजे उत्तीर्णतेच्या जरा वरपर्यंत, कोणतीही श्रेणी मिळाली तर २५ गुणांक अधिक देण्याची रीत तेथे २०१२ पासून आहे. म्हणून कमाल बेरीज सहाशे नव्हे, सहाशे पंचवीस. मुलांनी अवघड गणित सोडू नये अशी तेथील शासनाची इच्छा. ती त्याने बेरजेत घातली. आणि इतके करूनही दोघांचे गुणांक सारखेच आले व जागा एकच उरली, तर तेथे यदृच्छेने काढलेल्या क्रमाने निर्णय होतो. आपल्या भाषेत चिठ्ठी. आम्हांस यात एक प्रामाणिकपणा दिसतो. आमची समिती एक-दशांश टक्क्यावर निर्णय करीत होती, तोही एका परीने चिठ्ठीचाच होता. फक्त आम्ही त्यास गुणवत्ता म्हणत होतो.

आपली जी मुले तिकडे जाऊ इच्छितात, त्यांच्या पालकांना येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. आपली बारावी यूकासच्या कोष्टकात नाही. ना राज्य मंडळाची, ना केंद्रीय मंडळाची. तेव्हा ऐंशी टक्के म्हणजे ए, ए म्हणजे अठ्ठेचाळीस, पाच विषयांचे दोनशे चाळीस, असला हिशेब कोणी करून देत असेल तर त्यावर विसंबू नये. मग तो सल्लागार कितीही गुळगुळीत कागदावर देवो. एका पालकांनी असाच हिशेब विकत घेतला होता आणि अर्जात तो आकडा लिहिलाही होता. पुढील पत्रव्यवहारात दोन महिने गेले, तोवर वसतिगृहाची मुदत टळली. प्रत्येक विद्यापीठ भारतातील मंडळांसाठी आपली अपेक्षा स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. कोणी चार उत्तम विषय पाहतात, कोणी विशिष्ट विषयाचे गुण मागतात, इंग्रजी विषयाकडे बहुतेक ठिकाणी वेगळे लक्ष असते. आणि केंद्रीय मंडळांकडून एक टक्केवारी व राज्य मंडळांकडून त्याहून अधिक, असेही काही ठिकाणी असते. हे वाचून आपल्यापैकी काहींचा स्वाभिमान दुखावेल. आमचाही दुखावतो. पण अर्ज भरताना ते वाक्य शोधून वाचावे, आणि अर्जात मूळ गुण जसेच्या तसे लिहावे. त्यांचे रूपांतर करणे हे त्यांचे काम. आपण ते करून देऊ नये.

रूपांतराच्या हव्यासाने तिकडेही केवढा अनर्थ होतो, हे २०२० साली दिसले. साथीमुळे ए-लेव्हलच्या परीक्षाच झाल्या नाहीत. शिक्षकांनी अंदाजाने श्रेणी दिल्या. त्यांवर एक गणिती सूत्र चालविण्यात आले, आणि त्यात त्या त्या शाळेच्या मागील निकालांचाही विचार होता. १३ ऑगस्टला निकाल लागले तेव्हा इंग्लंडात शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ३९ टक्के श्रेणी उतरलेल्या होत्या. ज्या शाळेचा पूर्वेतिहास सामान्य, तेथील हुशार मुलास त्या इतिहासाचा दंड. मुले रस्त्यावर आली. चारच दिवसांनी, १७ ऑगस्टला, ते सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरण्यात आल्या. चार दिवसांत चूक मान्य करणारे शासन पाहून आम्हांस आपल्या समितीची आठवण झाली. आम्हांस चार वर्षे लागली.

आता घरच्या अंगणात येऊ. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे टक्केवारीच्या जोडीस पर्सेंटाइल आला आहे आणि त्याने आपल्या स्मरणिकेतही गोंधळ घातला आहे. मागील एका अंकात छायाचित्राखाली ‘सीईटीत ९९ टक्के गुण’ असे छापले गेले. ते ९९ टक्के नव्हते, ९९ पर्सेंटाइल होते. राज्याची सीईटी २०१९ पासून संगणकावर व अनेक सत्रांत होते. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका नसते. एका सत्राची प्रश्नपत्रिका सोपी, दुसऱ्याची कठीण, असे होणारच. म्हणून प्रत्यक्ष गुण बाजूस ठेवून, आपल्या सत्रातील किती जण आपल्या बरोबरीने वा मागे आहेत हे शंभराच्या मापात सांगतात. ९९ म्हणजे शंभरांतील नव्व्याण्णव जण बरोबरीने वा मागे, एक पुढे. त्या मुलाचे प्रत्यक्ष गुण शंभरांत नव्व्याण्णव मुळीच नसतील, पुष्कळच कमी असू शकतील. यात त्याचा गौरव कमी होत नाही. पण ज्या घरात ‘तुला बारावीत ९९ का नाहीत’ असे त्याच्या धाकट्या बहिणीस विचारले जाते, तेथे हा फरक समजणे अगत्याचे आहे.

टक्के विचारतात, किती मिळविलेस? पर्सेंटाइल विचारतो, किती जणांच्या पुढे गेलास? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एकाच्या उत्तरास दुसऱ्याने गुणिता येत नाही. अखिल भारतीय अभियांत्रिकी प्रवेशांत २०१३ ते २०१६ या काळात बारावीच्या गुणांस चाळीस टक्के वजन होते. निरनिराळ्या मंडळांचे गुण तसेच्या तसे घेता येत नाहीत म्हणून प्रत्येकाच्या मंडळातील त्याच्या क्रमस्थानावरून ते बदलून घ्यावे लागत. खटपट फार, विलंब फार, आणि पालकांस उमज काही पडत नसे. २०१७ पासून ते वजनच काढून टाकले. आयआयटीसाठी मात्र एक समंजस सवलत राहिली: बारावीत ७५ टक्के नसले तरी आपल्या मंडळातील वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असलेला विद्यार्थी चालतो. म्हणजे ज्या मंडळाचा हात आखडता आहे तेथील मुलास त्याच्याच भावंडांत मोजावयाचे. दिल्ली विद्यापीठाने दुसऱ्या टोकाचा अनुभव घेतला. तेथे बारावीच्या टक्केवारीवरच प्रवेश होत आणि २०२१ साली काही अभ्यासक्रमांची पहिली यादी शंभर टक्क्यांवर थांबली. शंभराच्या पुढे कोणास मोजणार? पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, सर्वांसाठी सामाईक प्रवेशपरीक्षा आली. तिच्यातही सत्रे आहेत, आणि म्हणून तिच्यातही रूपांतर आहेच.

यावर एखादा म्हणेल, मग मंडळानेच आपली परीक्षा घ्यावी. अशी सूचना लेखी आलीही आहे. आम्हांस ती मान्य नाही. मुलांच्या डोक्यावर परीक्षांचे ओझे आधीच पुरेसे आहे; त्यात ज्ञातीने आणखी एक वीट ठेवू नये.

आम्ही जे केले ते थोडक्यात सांगतो. सर्व मंडळांच्या विद्यार्थ्यांची एकच उतरंड लावणे आम्ही बंद केले आहे. राज्य मंडळाचे अर्ज एकत्र, केंद्रीय मंडळाचे एकत्र, परदेशातील वेगळे; अर्जांच्या संख्येप्रमाणे शिष्यवृत्त्या वाटून द्यावयाच्या. एका अर्ध्या टक्क्याच्या आत जे येतील ते सर्व समान समजावयाचे, आणि त्यांच्यात घरची परिस्थिती पाहावयाची. श्रेणी असेल तेथे श्रेणीच वाचावयाची, तिचे टक्के करावयाचे नाहीत. ही पद्धत निर्दोष नाही. गतवर्षी एका मंडळाचा एकच अर्ज आला आणि तो आपोआप पहिला ठरला. त्यावर काही सभासदांनी कुरकूर केली, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. परिस्थिती पाहावयाची म्हटले की चौकशी आली, चौकशी आली की रुसवे आले. पूर्वीच्या नियमात ओळखीपाळखीस जागा नाही म्हणून आम्ही अभिमान बाळगीत होतो. आता ती जागा उघडी पडते, हेही आम्ही जाणतो. म्हणून समितीचे तीन सभासद दरवर्षी बदलावे आणि ज्यांच्या घरातला अर्ज असेल त्यांनी त्या दिवशी बैठकीस येऊ नये, असा ठराव आज संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. आपण त्यास पाठिंबा द्यावा.

२०१५ सालच्या त्या वडिलांना आम्ही हा नवा नियम पत्राने कळविला होता. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले. नियम चांगला आहे, असे पहिल्या ओळीत होते. दुसऱ्या ओळीत त्यांनी विचारले होते की, त्यांच्या शेजारच्या एका मुलाचा अर्ज यंदा चालेल काय. तोही बदलीच्या नोकरीतल्याचा आहे.

यंदाचे अर्ज प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. त्यांतील टक्केवारीचा रकाना काढून टाकलेला आहे. अर्जासोबत गुणपत्रिकेची दोन्ही बाजूंची प्रत जोडावी, कारण श्रेणी कशा ठरविल्या हे बहुधा मागच्या बाजूस छापलेले असते व आजवर आम्ही ती बाजू मागवीतच नव्हतो. सीईटीचे पत्रक असल्यास तेही जोडावे. बदली होऊन आलेल्या पालकांनी संकोच न करता आमच्यापैकी कोणासही भेटावे. आता अध्यक्षमहाराजांनी पारितोषिक वितरणास प्रारंभ करावा, अशी त्यांस विनंती आहे.